परतूरचं लॉगिन

मालकांचा पासवर्ड मी त्यांच्याच कंपनीच्या लेटरहेडवर छापून त्यांच्या टेबलावर ठेवला. ते आधी हसले, मग म्हणाले, "मॅडम, दार लावून घ्या."

जालन्यात, मस्तगडच्या बाजूला, बियाण्यांच्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळत होते. नवं शतक नुकतंच लागलं होतं. सांभाळत होते म्हणजे सगळंच. युनिक्सचा एक जुना सर्व्हर, त्याला जोडलेली मोडेम, प्रिंटरच्या रिबिनी, आणि शिवाय कुणाचा माउस अडकला तर तोही उलटा करून पुसायचा. मी औरंगाबादला शिकून आले होते. मास्तरांची मुलगी, आणि त्या मजल्यावर एकटीच बाई. काम मला येत होतं. पण ते येतं हे दर आठवड्याला नव्याने पटवून द्यावं लागायचं. त्याचा मला राग यायचा आणि तो मी कामावरच काढायचे, त्यामुळे काम चांगलं व्हायचं.

कंपनीची दोन गोदामं बाहेरगावी होती, एक परतूरला आणि एक राजूरला. शेतकऱ्यांकडून आलेलं बियाणं लॉट पाडून तिथे ठेवलेलं असायचं. प्रत्येक लॉटचा नमुना जालन्याच्या आमच्या प्रयोगशाळेत यायचा आणि तिथे त्याची उगवण तपासली जायची. तोवर तो लॉट रोखलेला. उगवण चांगली निघाली की प्रयोगशाळा गोदामाला फोन करायची. गोदामवाला पोत्यांचे शिक्के बघायचा, मोडेमवरून आमच्या सर्व्हरमध्ये शिरायचा आणि आपल्या यादीत त्या लॉटपुढे 'सोडला' अशी नोंद करायचा. मग जालन्याहून गाडी निघायची. एवढ्या एका नोंदीवर कंपनीची अब्रू होती. न उगवणारं बियाणं पेरलं गेलं तर शेतकऱ्याचा हंगाम हातचा जातो, आणि तो शेतकरी ते चार गावांत सांगतो.

हे सर्व्हरमध्ये शिरणं टेलनेट नावाच्या जुन्या सोयीने चालायचं. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. वाटेत कुणी वाचायचं म्हटलं तर वाचू शकतो. मी दोन वेळा तोंडी सांगून पाहिलं, पण मालकांनी मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही. म्हणून तिसऱ्यांदा ऑफिसच्या जाळ्यावर येणारं-जाणारं सगळं एका फाइलीत पकडलं आणि त्यातून त्यांचा पासवर्ड काढून छापला. राजूरच्या गणपतीचं नाव होतं. परतूरच्या गोदामाचाही पासवर्ड तोच होता, आणि राजूरचा तर काय, असणारच.

"हे दुसऱ्या कंपनीवाल्याला जमतं का?" मालकांनी विचारलं.

"मला जमलं, तर त्यांनाही जमेल."

"मंग करा बंदोबस्त. जल्दी करा."

बंदोबस्त म्हणजे टेलनेटच्या जागी एसएसएच. त्यात सगळी बोलणी कुलपात जातात, आणि पासवर्डच्या जागी किल्ली वापरता येते. किल्लीचे दोन भाग असतात. एक भाग माणसाच्या स्वतःच्या मशीनवर राहतो, तोही एका गुप्त वाक्याने बंद केलेला. दुसरा भाग सर्व्हरवर त्या माणसाच्या खात्यात ठेवायचा. दोन्ही जुळले की दार उघडतं.

ते सॉफ्टवेअर फुकट मिळायचं, पण तयार नव्हे. मूळ कोड आणायचा आणि आपल्या मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम घडवायचा. औरंगाबादच्या एका सायबर कॅफेत बसून मी तो सात फ्लॉपींवर उतरवला, आणि जालन्यात आल्यावर सहावी फ्लॉपी वाचता येईना. परत गेले. मग कळलं की त्याच्या आधी दोन लायब्ऱ्या, म्हणजे त्याला लागणाऱ्या कोडचे गठ्ठे, कंपाइल करायला लागतात. त्यातली एक आमच्या सर्व्हरवर सकाळी दहाला सुरू केली ती दुपारी दोनला एक चूक दाखवून थांबली. ती दुरुस्त केली, तर पुढची निघाली. दुपारी वीज जायची आणि बॅटरी वीस मिनिटं टिकायची. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली होती, पण मालकांसमोर छापील कागद ठेवून बसले होते, माघार कुठली घेणार!

पाचव्या दिवशी सगळं कंपाइल झालं, आणि चालवल्यावर ते म्हणालं की कुणाला आधी ओळखता येणार नाहीत असे कसेही पडलेले आकडे मला पुरेसे मिळत नाहीत, मी किल्ली बनवणार नाही. त्या जुन्या युनिक्समध्ये असे आकडे पुरवायची सोयच नव्हती. त्यासाठी आणखी एक प्रोग्राम आणून बसवावा लागला. तो मशीनवर काय काय चाललंय ते इथून तिथून टिपून त्यातून आकडे गोळा करायचा. ज्या ऑफिसात कुठलीच गोष्ट ठरल्या वेळी होत नव्हती तिथे त्याला माल कमी पडला नाही.

परतूरच्या गोदामात एक काका होते. पन्नाशी उलटलेले, जवळच्याच गावचे शेतकरी घरातले, अक्षर मोत्यासारखं. कॉम्प्युटर येण्याआधीची रजिस्टरं त्यांनी अजून कापडात बांधून ठेवली होती. मी सकाळच्या गाडीने परतूरला गेले आणि तिथल्या पीसीवर, ज्यावर फुकटचंच एक युनिक्स होतं, दिवसभर बसून सगळं कंपाइल करून बसवलं. काका शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. मध्ये एकदा उठून गिऱ्हाइकाला परत पाठवून आले.

किल्ली बनवायची वेळ आली तेव्हा मी त्यांना सांगितलं, की आता एक वाक्य टाइप करा, दोनदा. ते कुणालाही सांगायचं नाही. मलाही नाही.

"तुम्हाला बी न्हाई?"

"मला बी न्हाई."

"घरात?"

"घरातही नाही. लिहूनही ठेवायचं नाही काका."

मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिले. त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधून शोधून, वाक्य दोनदा टाइप केलं. बराच वेळ लागला. मला गंमत वाटली होती, हे कबूल करते. आमच्याकडे माणूस घराची किल्ली शेजारच्या दुकानात ठेवून गावाला जातो. पासवर्ड तर कॅलेंडरवर लिहिलेला असायचा, म्हणजे कुणी रजेवर गेलं तरी काम अडू नये. वाक्याचंही महिन्याभरात तेच होणार असं मी धरून चालले होते.

परतूरचं झालं तसं राजूरचं दुसऱ्या दिवशी व्हायला हवं होतं. पण मालक म्हणाले, नवं काम आहे, गणपतीच्या गावात चतुर्थीलाच बसवा. चार दिवसांवर अंगारकी होती. अंगारकीला राजूरला काय गर्दी असते हे जालन्यातल्या कुणालाही माहीत आहे, मालकांना तर नक्कीच होतं, कारण ते दर वेळी तिथे असायचे. मी बोलून पाहिलं. पण मालकांच्या मुहूर्ताला युनिक्सचं कारण कुठे पुरणार!

त्या दिवशी एसटीत उभं राहून गेले. गोदामाच्या ओट्यावर दर्शनाला आलेले पाहुणे बसले होते. तिथला कारकून माझ्याच वयाचा, साधा माणूस, त्यांना पाणी देण्यात गुंतला होता. पुन्हा दिवसभर कंपाइल करत बसायची माझी तयारी नव्हती. परतूरच्या मशीनवर जमलेलं सगळं मी उचलून सोबत आणलं होतं, सेटिंगच्या फाइलींसकट. ते राजूरच्या मशीनवर जसंच्या तसं उतरवलं. कारकुनाला बोलावून त्याची नवी किल्ली बनवली. वाक्य त्याने पाहुण्यांदेखत मोठ्याने म्हणत टाइप केलं. मग किल्लीचा दुसरा भाग सर्व्हरवर पाठवला. सर्व्हरने त्यासाठी पासवर्ड विचारला. दोन्ही खात्यांना मी सुरुवातीचा पासवर्ड एकच ठेवला होता. तो दिला, भाग पोचला, दार पहिल्या झटक्यात उघडलं. एवढं सरळ काम मी त्या महिन्यात पाहिलं नव्हतं. परतीची बस मिळावी म्हणून मी लगेच निघाले.

तीन दिवसांनी त्या कारकुनाचा फोन आला.

"मॅडम, वरती परतूर लिहून येऊन राह्यलंय. आपलं राजूर पायजे ना?"

मी जालन्यातूनच त्याच्या मशीनवर शिरले. परतूरहून उचललेल्या सेटिंगमध्ये खात्याचं नाव 'परतूर' असं राहून गेलं होतं. ते बदललं. त्याची किल्ली राजूरच्या खात्यात टाकली. दोन-तीन मिनिटांचं काम. फोन ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागले. कुठे लिहून ठेवलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी प्रयोगशाळेतून आरडाओरडा सुरू झाला. परतूरचा एक रोखलेला लॉट, उगवण कमी निघालेला, सोडला गेला होता. जालन्याहून हुकूम निघाला, गाडी गेली, पोती दुकानदारांपर्यंत पोचली. पेरणी सुरू व्हायला वेळ होता म्हणून सगळी परत आणता आली. एकही पोतं कुणाच्या रानात गेलं नाही. पण मालकांचा चेहरा दोन दिवस बघवत नव्हता. त्यांनी मला विचारलं की सोडला कुणी.

मी सर्व्हरची नोंद काढली. खातं परतूर. किल्लीने प्रवेश. दिवस, वेळ, सगळं होतं.

तो लॉट काकांच्या साडूच्या रानातला होता, हेही तोवर सगळ्यांना कळलं होतं.

काकांना जालन्याला बोलावलं. मालकांच्या खोलीत आम्ही तिघंच. काका खुर्चीच्या कडेवर बसले होते, टोपी मांडीवर. हुकूम आला म्हणून माल भरला, असं ते म्हणाले. लॉट सोडल्याची नोंद आपण केली नाही, एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं.

मालक माझ्याकडे वळले. "मॅडम, हे दुसरं कोणी करू शकतं का? बराबर सांगा."

आता मागे वळून पाहताना मला त्या क्षणाचा माझा आवाज आठवतो. चांगला ठाम होता. मी म्हणाले, "आधी करता आलं असतं. आता नाही. किल्ली यांच्या मशीनवर आहे आणि वाक्य फक्त यांना माहीत आहे. हे सॉफ्टवेअर खोटी नोंद करू शकत नाही."

मालकांनी काकांना विचारलं, "वाक्य कोणाला सांगितल्तं?"

"न्हाई."

मला वाटलं होतं ते 'हो' म्हणतील. इतर कुणीही म्हटलं असतं. हो म्हटलं असतं तर संशय पसरला असता, दहा जणांत वाटला गेला असता, आणि मालक चार शिव्या देऊन गप्प बसले असते. मला त्यांची दया आली म्हणून मी स्वतःच वाट करून दिली. "काका, घरी कुणाला? मुलाला? कागदावर कुठे लिहिलं असेल, आठवून बघा."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच म्हणल्त्या ना, कोणाला सांगू नका म्हणून. मंग कसा सांगन? बिलकुल न्हाई सांगितलं."

मालकांनी त्यांना सोमवारपर्यंत घरी बसायला सांगितलं आणि सोमवारी राजीनामा घेऊन यायला. पोलिसांत देत नाही, एवढी मेहेरबानी. काका उठले, टोपी घातली, मला नमस्कार करून गेले. मला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात थोडा अभिमानही होता. माझ्या कामाने चोर पकडला होता. तेवीस वर्षं परतूरला बसलेला माणूस तीन ओळींच्या नोंदीवर उठला, आणि ती नोंद माझ्यामुळे होती.

मालकांनी जाताजाता सांगितलं, "त्यांचं खातं बंद करा."

खातं बंद करायचं म्हणजे सर्व्हरवर परतूरच्या खात्यात जाऊन किल्लीची फाइल उघडायची आणि त्यातली ओळ पुसायची. एका किल्लीची एक ओळ. दुसऱ्या दिवशी मी ती फाइल उघडली. तिच्यात दोन ओळी होत्या. दुसऱ्या ओळीच्या शेवटी 'राजूर' असं लिहिलेलं होतं.

उलगडायला फार वेळ लागला नाही. अंगारकीच्या दिवशी, राजूरच्या मशीनवर परतूरची सेटिंग होती, म्हणून मी पाठवलेली राजूरची किल्ली परतूरच्या खात्यात जाऊन पडली. सर्व्हरने पासवर्ड विचारला तेव्हा 'परतूरचा पासवर्ड' असंच विचारलं होतं. मी वाचलं नव्हतं. पुढचे तीन दिवस राजूरचा कारकून नकळत परतूर होऊन शिरत होता.

राहिलं ते मी प्रयोगशाळेत विचारून घेतलं. लॉटचा नंबर अकरा आकडी, तो फोनवर कोण सांगत बसणार. "तुमच्या यादीतला तिसरा सोडा," असंच सांगायची रीत होती. त्या दिवशी राजूरला सांगितलं होतं, तिसरा सोडा. कारकुनाने समोरच्या यादीतला तिसरा सोडला. यादी परतूरची होती. खातं दुरुस्त झाल्यावर त्याला आपला तिसरा लॉट रोखलेलाच दिसला, तेव्हा नोंद लागली नसेल असं समजून त्याने तोही सोडला, आणि विषय त्याच्यापुरता संपला. त्याचा यात काही दोष नव्हता. काकांचा तर नव्हताच.

मी जिना चढून मालकांकडे गेले. चढताना वाक्य तयार होतं: माझी चूक झाली. खोलीत दोन व्यापारी बसले होते, ते उठेपर्यंत मी दारात उभी राहिले. तेवढ्या वेळात मनात काय काय आलं ते मला नीट आठवतं. आधीच्या वर्षी प्रिंटर जळला तेव्हा याच खोलीत कुणीतरी म्हणालं होतं, बायकांच्या हाती मशीन दिल्यावर दुसरं काय होणार. प्रिंटर विजेच्या दाबाने जळला होता.

"मालक, परतूरच्या काकांनी ते केलं नाही," मी म्हणाले. "तांत्रिक कारणामुळे राजूरची नोंद परतूरच्या नावावर पडली."

"म्हंजी मशीनची चूक?"

मी "हो" म्हणाले.

मालकांनी मोठा श्वास सोडला. "नवं सॉफ्टवेअर आहे. होतं असं." एका माणसाला तीन मिनिटांत घरी बसवणारे मालक मशीनला इतकं सांभाळून घेतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्यासमोरच परतूरला फोन लावला, काकांना घरून बोलावून घेतलं आणि सोमवारी कामावर यायला सांगितलं. माफीही मागितली, आपल्या पद्धतीने: "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग मला म्हणाले, चार ओळी लेखी द्या, प्रयोगशाळेला दाखवायला. मी दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मला शाळेपासून पाठ आहे. ती मी त्या दिवशी कंपनीच्या लेटरहेडवर नीट टाइप करून, सही करून दिली. त्यात किल्ली होती, सर्व्हर होता, सेटिंगची फाइल होती. मी कुठेच नव्हते.

माझं काम त्यानंतर जास्तच काटेकोर झालं. प्रत्येक खात्याला वेगळा सुरुवातीचा पासवर्ड, प्रत्येक बदलाची वहीत नोंद, प्रयोगशाळेने नंबर पूर्ण सांगायचा. लोक म्हणायचे, मॅडम फार कडक आहेत. मी ऐकून घ्यायचे.

पंधरा दिवसांनी काका जालन्याला आले. सोमवार होऊन गेला होता, ते पुन्हा कामाला लागले होते, गोदामाच्या काही कागदांसाठी आले असतील असं मला वाटलं. पण ते सरळ माझ्या टेबलाशी आले. राजूरला जाऊन आले होते. हातात प्रसादाची पुडी होती.

"बसा काका."

ते बसले नाहीत. म्हणाले, "घरी बसल्तो ते दिवस... साडूनं बी तोंड फिरवलं व्हतं. गावात कोनी इचारलं तर सांगाव काय? आमची घरची म्हणायची, हो म्हणून टाकायचं व्हतं, सांगितलं म्हणायचं कोनाला तरी. म्या म्हणलं, न्हाई. तुम्ही व्हत्या म्हणून झालं बगा. माणूस सोताचं मशीन चुकलं म्हणून कबूल करत नसतो. दुसरा कोनी असता, तर दोष दुसऱ्यावर ढकलून मोकळा झाला असता."

आसपासच्या टेबलांवरचे लोक ऐकत होते. मला लाज वाटली, आणि ती जाईल म्हणून मी वाट पाहिली. काकांनी पुडी दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांच्यापुढे मी लहान, त्यांच्या मुलीएवढी, तरी ते वाकून उभे होते.

मी ती दोन्ही हातांनी घेतली. मी म्हणाले, "बसा ना काका, चहा सांगते." आणि चहा सांगितला.